गंगम्माचा तांब्या

पिशवी एवढी जड का, हे नीलांबिकेला दुसऱ्या चढावर कळलं. सवयीनं तिनं तीन बाटल्या काठोकाठ भरून घेतल्या होत्या... आणि वाटेच्या दोन्ही बाजूंनी हिमनदीचं पाणी खळाळत होतं! मोठं सामान तळावर ठेवून पदभ्रमणाला आलेले सगळे पहाटेच निघाले होते. हिमनदीच्या मुखापर्यंत जायचं, दुपारी परत. पुण्याची मंडळी रिकाम्या बाटल्या हलवत कधीच पुढे गेली होती.

"मॅडम, तुमच्या बी पाठीवर पाणीच का?"

मागून एक उंच तरुण धापा टाकत येत होता. त्याच्या खांद्याला पाच लिटरचा कॅन.

"लातूरचे का?" तिनं विचारलं.

"हाव! कसं वळखलं?"

"नदीकाठानं पाणी वाहून नेणारा दुसरा कोण असणार?"

दोघं हसली. पण बाटल्या ओतून टाकायला कुणाचाच हात धजेना. यंदा तिकडे मृगापासून आभाळ कोरडं होतं.

त्याचं नाव विरूपाक्ष. बोअर पाडायची गाडी चालवायचा. "गाडी दुरुस्तीला गेली. म्हणलं, पाणी वरून कसं येतं ते तर बघावं. आपण नुसतं खालूनच हुडकून राहिलो. तुम्ही?"

"भूजल कार्यालयात. बोअरच्या जागा मी दाखवते."

तो थांबला. "त्या बिराजदार साहेबाच्या हाताखाली?"

"एन. एस. बिराजदार—मीच."

त्यानं कॅन हळूच खाली ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मॅडम... त्या साहेबाला मी लई शिव्या दिल्यात. निलंग्याकडं चार जागा दाखवल्या. पहिल्या तीन कोरड्या ठणठणीत! नाकातोंडात नुसती भुकटी."

"माहीत आहे," ती तुटकपणे म्हणाली आणि चालू लागली.

त्या तीन कोरड्या भोकांनीच तिची झोप उडवली होती. लातूर नुकताच उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला होता आणि कर्मचाऱ्यांकडून विकल्प मागवले होते: उस्मानाबादला राहायचं की लातूरला जायचं? उस्मानाबादला टेबलाचं काम होतं. पुन्हा कुणाच्या वावरात उभं राहून 'इथं पाणी आहे' म्हणायला नको. अर्ज तिच्या पिशवीत होता. आजच तळाजवळच्या गावातून टाकायचा, नाहीतर मुदत संपणार. विकल्पाची जागा मात्र अजून कोरीच.

हिमनदीच्या मुखाशी ती एका खडकावर बसली. समोर निळसर बर्फ, आणि त्याच्या पोटातून दुधासारखी गढूळ धार... छाती धडधडत होती. तिनं नाडी मोजली. एकशे वीस. उंचीवर एवढी वाढणारच.

"रागावलात?" तो दोन हात अंतरावर टेकला.

"नाही. चौथ्या जागेचा अहवाल आलाच नाही. तीही कोरडीच ना?"

"आँ? तुम्हाला कुणी सांगितलंच न्हाई? लागलं की पाणी! दीडशे फुटाला. मी नखशिखांत भिजलो!"

ती एकदम त्याच्याकडे वळली.

"गंगम्मा म्हणून म्हातारी हाय. तिच्या बांधावरच लागलं. पहिलं पाणी तांब्यात धरून देव्हाऱ्यात ठिवलंय. म्हणती, जागा दावणाऱ्याच्या हातानं वतल्याबिगर पूजा पुरी व्हत न्हाई. मला बघितलं की इचारती, साहेब कवा येतो?" त्यानं कॅनचं झाकण उगाच घट्ट केलं. "आता मी बी... रोज इचारीन."

तिनं मान फिरवली. दहा मिनिटं स्वस्थ बसल्यावर पुन्हा नाडी मोजली. एकशे सव्वीस. हे उंचीचं की पाण्याचं, की... तिला काही केल्या उलगडा होईना. उतरताना ती खोऱ्यातले दगड बघत होती आणि एकही दिसत नव्हता.

दोघं उतरून गावात आली तेव्हा पत्रपेटीपाशी कागद टेकवायला काहीच नव्हतं.

"जरा वळता?" ती म्हणाली.

त्याच्या पाठीवर कागद ठेवून तिनं कोऱ्या जागेत एकच शब्द लिहिला. तो श्वास रोखून उभा होता.

अर्ज पेटीत पडला.

"काय लिहिलं?" त्यानं न वळताच विचारलं.

नीलांबिकेनं पाठीवरची पिशवी सावरली. अजूनही जडच होती ती.

"गंगम्माला सांगा," ती म्हणाली, "साहेब येतायत."