नावेतली रिकामी जागा

त्या दिवशी लंडनात धुकं असं दाटलं, की भरदुपारी बारालाच रस्त्यावरचे दिवे लावावे लागले. मासिकाचे संपादक क्विल्टर साहेब चित्र छापायचा लाकडी ठोकळा न्यायला आमच्या गल्लीतल्या, असे ठोकळे कोरणाऱ्या डॉर्कसबाईंकडे आले. चित्रांचं भारी वेड या माणसाला. मजकूर उशिरा आला तर चालेल, पण चित्रकाराची एक रेघ हलली की कोरणाऱ्याची खैर नाही! आज मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी त्यांची सात वर्षांची मुलगी फीबी अकरा दिवस तापानं फणफणत होती.

खोलीत काजळीचा न् ताज्या भुशाचा वास. कोरणीची करकर थांबली.

"झालं का, बाई?"

"झालंय, साहेब. पण... आधी बघून घ्या."

बाईंनी ठोकळ्याला काजळी फासून कागदावर ठसा घेतला. काठ सोडून निघालेली नाव, पाठमोरे वल्हेकरी. मागची जागा चित्रकारानं रिकामी ठेवलेली. तिथं एक पोर बसली होती. लांब वेणी, बुटाचं एक बटण तुटलेलं.

फीबीच!

"हा काय चावटपणा, बाई?"

"मी नाही हो काढली. सकाळी ठोकळ्यावर दिसली. रेघ दिसली की ठेवायची, तुमचाच नियम." बाईंचा आवाज खाली गेला. "गेल्या साली मिरवणुकीच्या चित्रात माझा नवरा असाच दिसला होता... मी खोडायला हात नाही लावला. चौथ्या दिवशी गेला."

"आणि लावला असता तर?"

"ते मला काय ठाऊक? लाकडातून काढलेलं परत बसत नाही, एवढं ठाऊक."

साहेबांनी कोरणी उचलली. जन्मभर ज्यानं कुणाला रेघ खरवडू दिली नाही, तो घाम पुसत पोरीचं तोंड, हात, बूट खरवडत सुटला. मग ठोकळा छापखान्यात टाकून घराकडे धावला.

फीबी उशीला टेकून दूधपाव खात होती! अंग गार. मोलकरीण हॅना मात्र भिंतीला चिकटलेली.

"मी कात्री नाही लावली, साहेब... देवाशपथ."

पोरीची वेणी मानेपासून नाहीशी झाली होती.

"बाबा," फीबीनं मान चोळली, "मागनं कुणीतरी ओढतंय..."

साहेबांना ठोकळा आठवला. घाईत वेणी खरवडायची राहिली होती!

आल्या पावली ते छापखान्यात गेले. यंत्र धडधडत होतं, शेकडो कागद निघाले होते. त्यांनी वरचा उचलला. मागची जागा कोरी, पांढरी. वेणी तेवढी नावेच्या काठावर लोंबत होती.

आणि शेवटच्या वल्हेकऱ्यानं वल्हं सोडून ती मुठीत धरली होती.