पुसलेला आवाज

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलीय, आणि तीही दिवसाढवळ्या.

मावशी प्रोग्रामर. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं सॉफ्टवेअर ती एक पैसा न घेता सांभाळायची. पद्धत साधी होती. रोज सकाळी प्रत्येकानं फोन करून "मी बरा आहे" एवढं बोलायचं. आवाज साठवला जायचा आणि नावापुढे हिरवा ठिपका यायचा. ठिपका नाही आला, की कुणीतरी घरी धावायचं.

जुना सर्व्हर संस्थेला परवडेना. मावशीनं खटपट करून सेवाभावी संस्थांना सवलत देणारं क्लाउड होस्टिंग मिळवलं. स्वस्त होतं, पण आवाज साठवायला जागा बेताची.

"मग गेलेल्यांचे आवाज पुसून टाक," व्यवस्थापक म्हणाले. त्यांना सगळे भाऊ म्हणत. "ते काय तक्रार करायला येणारेत?"

मावशीला हसू आलं. तिनं आवाज पुसायला घेतले.

सगळे पुसले गेले...

एक सोडून.

वर्षापूर्वी वारलेल्या एका शिक्षिकेचा. पुसला, की पुन्हा हजर. मावशीनं वैतागून हेडफोन लावला.

"मी बरी आहे."

मग नुसता श्वास...

मग अगदी कानाशी, दात खाऊन, "हात लावू नकोस."

मावशीनं हेडफोन भिरकावला. शेजारी भाऊ निवांत चहा पीत होते.

जुनं काहीतरी बिघडलं असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. फक्त हयात माणसांची माहिती नव्या जागी हलवली.

दुसऱ्या सकाळी सगळे ठिपके हिरवे!

"बघ, कमी पैशात काम फत्ते!" भाऊ खूश.

मावशीला मात्र चैन पडेना. तिनं पहिला आवाज लावला. तो यादीत पहिले असलेल्या शिंपीआजोबांचा असायला हवा होता.

"मी बरी आहे..."

दुसरा लावला. तीच बाई.

तिसरा. तीच.

मावशीनं भाऊंनाही ते ऐकवलं. ती आणि भाऊ एकेकाला फोन करत सुटले. बाकीचे सुखरूप होते. "आम्ही केला की सकाळी फोन," म्हणाले.

शिंपीआजोबा फोन उचलेनात.

दोघं धावत त्यांच्या घरी गेले. दाराला आतून कडी. भाऊंनी खांद्यानं दार फोडलं. घर सुनसान...

बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी होती.

आजोबा आत फरशीवर पडले होते. आदल्या संध्याकाळपासून. जीव होता, एवढंच.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी मावशीचा हात घट्ट धरला.

"सकाळी बाहेरच्या खोलीत एक बाई माझ्या फोनवर बोलत होती गं. मी जिवाच्या आकांतानं हाका मारल्या. ती आली... माझ्याकडे बघितलं..."

"मग?"

"दार ओढून घेतलं. कडी घातली."

मावशीनं ते क्लाउडचं खातं त्याच दिवशी बंद केलं. कार्यकर्ते आता घरोघरी जातात.

पण मुख्य दार आतून बंद होतं. मग ती बाहेर पडली कुठून?

की पडलीच नाही?

आजोबा त्या घरात परत राहायला गेले नाहीत. आणि मावशी हे सांगताना आजही भिंतीला पाठ टेकूनच बसते.