रानात रुतलेलं घर

सडकेलगतच्या बांधापाशी येऊन थांबलेलं ते पांढरंशुभ्र धूड पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाची बस वाट चुकली. मग तिच्या खिडक्यांना पडदे दिसले, छपरावर सोलरची पाटी दिसली, आणि दारातून एक उंच, सावळा तरुण उतरून थेट माझ्या ट्रॅक्टरकडं यायला लागला. चपला हातात घेऊन. काळ्या रानात अनवाणी चालावं एवढी अक्कल असलेला माणूस शहरातला नसणार, पण शर्टाची इस्त्री वेगळंच सांगत होती.

दसरा नुकताच झाला होता. जळकोटच्या आमच्या रानातून सोयाबीन निघालं होतं आणि मी ज्वारीच्या पेरणीआधी कुळवाची शेवटची पाळी घालत होते.

त्यानं नाव सांगितलं, गुरुप्रसाद. तुळजापूरचा. वडील शाळेत क्लार्क होते, आता घरी असतात. पुण्यातली नोकरी सोडून त्यानं ही गाडी बांधून घेतली होती. आत दोन पलंग, ओटा, न्हाणीघर, सगळं. लोकांना घरासकट फिरवायचं, हा त्याचा धंदा. उद्या सकाळी नऊला सोलापुरातून पहिलं गिऱ्हाईक बसणार होतं, बिदरला निघालेलं एक म्हातारं जोडपं. वडिलांना त्यानं शब्द दिला होता, पहिली फेरी नीट पार पडली तर गाडी. नाही तर सोमवारपासून परत पुणे. हे सगळं त्यानं मला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. असली माणसं मला एरवी बोलघेवडी वाटतात. हा वाटला नाही... का, ते विचारू नका.

त्याला जाहिरातीसाठी एक फोटो हवा होता. मागं फुलावर आलेली तूर, वर ढगांचं आभाळ आणि मधे गाडी.

"फोटू गाडीचा का तुरीचा?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणाल त्याचा," तो म्हणाला, आणि मग एकदम गंभीर झाला. "पण जमीन धरेल ना? जड गाडी आहे ही. पावणेसहा टन."

आता इथं माझा तोरा आडवा आला. पेरणीआधी गावातली दहा घरं मला विचारायला येतात, राजनंदिनी, वाफसा आला का बघ. मी खाली वाकले, मूठभर माती घेतली, दाबून तिचं ढेकूळ केलं आणि कमरेच्या उंचीवरून सोडलं. ते पडलं आणि अलगद फुटलं. चिखल नाही, धूळ नाही.

"झकास वाफसा आलाय. घाला बिनघोर."

वाफसा म्हणजे रान पेरायला तयार. ओल आहे, पण हाताला चिकटत नाही. बी टाकायला याहून चांगली जमीन नसते. पण बियाला जमीन मऊ लागते आणि पावणेसहा टनाच्या घराला कडक, ही साधी गोष्ट त्या क्षणी माझ्या डोक्यात आली नाही. त्यात निम्मा दोष माझा. निम्मा त्याच्या डोळ्यांचा.

पाच-पन्नास फूट गाडी छान आत आली. मग मागचं डावं चाक जरासं बसलं. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. चाक जागच्या जागी गरगर फिरलं आणि काळा चिखल तुरीवर उडाला. मी हात हलवत पळाले, तोवर त्यानं आणखी दोनदा दाबला होता. वर कोरडा पापुद्रा आणि खाली आठवड्यापूर्वीच्या पावसाची सगळी ओल! गाडी डाव्या अंगाला कलली आणि आत भांडी घरंगळल्याचा आवाज आला.

तो उतरला. चाकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आता हा रागावणार, आणि रागावलाच पाहिजे, असं मला वाटलं.

"फोटो मात्र वेगळा येईल," तो म्हणाला. हसलासुद्धा.

त्यानं जॅक लावला. जॅक मातीत गेला, गाडी तिथंच राहिली. तेवढ्यात माझा चुलत भाऊ व्यंकट आपला ट्रॅक्टर घेऊन हजर झाला. व्यंकटला वाटतं, जगातली प्रत्येक अडचण ट्रॅक्टरनं ओढून काढता येते. असं तिरकं ओढू नको, म्हणून मी दोनदा सांगितलं, पण त्यानं कोपऱ्यात दोर बांधून हिसका दिलाच. गाडी आणखी वीतभर कलली, मागचा आस मातीला टेकला आणि ट्रॅक्टरचं चाकही खोल जायला लागलं. आणखी एक हिसका दिला असता तर ते घर आडवंच झालं असतं.

निम्मं गाव बांधावर जमलं होतं. दक्षिणेकडं वीज चमकत होती. पाऊस आला तर हे रान आठ दिवस काही सोडणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गुरुप्रसादलाही कळलं असावं. तो सारखा घड्याळ बघत होता.

अण्णा आले. माझे वडील अण्णाराव कमी बोलतात, पण विचारतात ते नेमकं.

"आत घालायला कुणी सांगितलं?"

मी जमिनीकडं पाहिलं. गुरुप्रसादनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"कुणी नाही, काका. मीच घातली. फोटोचा हव्यास."

लोक हसले. शहरात राहिलं की मातीची पारख जाते, असं कुणीतरी म्हणालं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्याचं सगळं उद्यावर टांगलेलं होतं आणि तो दोन तासांच्या ओळखीच्या एका पोरीचा तोरा सांभाळत होता. मला तो आवडला, तो तिथं. चिखलात, सगळ्यांच्या हसण्यात, माझं नाव न घेता उभा होता तेव्हा.

"म्याच सांगितलं, अण्णा," मी म्हणाले. "ढेकूळ टाकून बघितलं अन् घाला म्हणलं. पेरणीचा अंदाज गाडीला लावला म्या."

पुढच्या पेरणीला आपल्याला कुणी विचारणार नाही, हे मला कळत होतं. विचारू नये त्यांनी.

"अन् काढणार बी मीच," मी म्हणाले.

अण्णांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. "काढ की मग," म्हणाले आणि खोरं माझ्या हातात दिलं.

सगळ्यात आधी मी कुणालाही गाडी सुरू करू दिली नाही. तिच्या टाकीतलं तीनशे लिटर पाणी पाटात सोडून दिलं. सिलिंडर, बॅटऱ्या, गाद्या, भांडी, जे जे निघेल ते बाहेर काढलं. गोठ्यातल्या दोन शहाबादी फरश्या आणून जॅकखाली टाकल्या, तेव्हा कुठं गाडी बोटबोट वर यायला लागली. एकेका चाकाखालचा चिखल उपसून तिथं तुराट्या, म्हणजे गेल्या साली राखलेल्या तुरीच्या वाळक्या काड्या, आडव्या दाबल्या आणि वर गोणपाटं अंथरली. पुढं काढायची नव्हतीच ती. ज्या चाकोरीनं आत आली होती तीच दबून थोडी घट्ट झाली होती, म्हणून तिनंच मागं न्यायची. सडकेपर्यंत दोन्ही चाकोऱ्यांत आम्ही तुराट्या पसरल्या.

गुरुप्रसाद माझ्या शेजारी खोरं मारत होता. इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालं होतं.

"पुण्यात काय करायचा तुमी?" मी विचारलं.

"सकाळी नऊला लिफ्टनं वर जायचो, संध्याकाळी सातला लिफ्टनं खाली."

"अन् रुतायचं न्हाय कधी?"

"नाही ना." त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि तिथं काळा पट्टा उमटला. "तीच तर तक्रार होती."

मी हसले. पट्टा उमटलाय ते सांगितलं नाही, चांगला दिसत होता.

दिवस मावळायला सगळं तयार झालं, पण कललेली गाडी अंधारात ओढायची नाही, असं अण्णांनी बजावलं. आईनं त्याला जेवायला घातलं आणि तो रात्री आमच्या ओसरीवर झोपला. पाऊस कर्नाटकात पडला, आमच्याकडं नुसता वारा आला. मी पत्र्यावर थेंब वाजतोय का, ते ऐकत पडून होते.

तांबडं फुटताच मी ट्रॅक्टर काढला आणि रानात न घालता डांबरी सडकेवर उभा केला. उसाच्या ट्रॉलीची लांब साखळी गाडीच्या मागं, बरोबर मधोमध अडकवली. अण्णांनी सगळ्यांना साखळीपासून लांब पिटाळलं.

गुरुप्रसाद स्टिअरिंगवर बसला. त्याच्या खिडकीशी जाऊन मी सांगितलं, की रिव्हर्स टाकायचा, मी हात वर केला की क्लच हळूच सोडायचा, चाक जागेवर फिरायला लागलं की लगेच पाय काढायचा.

"कालच्या बाईवर आज परत भरवसा ठेवताय," मी म्हणाले.

"काल तुम्ही ढेकळाकडं बघून सांगत होता," तो म्हणाला. "आज माझ्याकडं बघून सांगताय."

मी तोंड फिरवलं आणि सडकेवर जाऊन ट्रॅक्टरवर बसले.

साखळी ताणली. माझ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली आणि मी लगेच ढील दिली. दुसऱ्यांदा आणखी सावकाश घेतलं. हात वर केला. आरशात तो माझ्याकडंच बघत होता. तुराट्या कडाकडा मोडल्या, गाडी थरथरली, आणि मग... ती उठली! एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं, सरळ झाली आणि फूटफूट करत मागं यायला लागली. मी मागं वळून बघत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागची चाकं डांबरावर चढली तेव्हा सगळ्यात मोठी शिट्टी व्यंकटनंच मारली.

सात वाजायला आले होते. अर्ध्या गावानं मिळून सामान आत टाकलं, विहिरीचं पाणी टाकीत भरलं. निघताना तो एवढंच म्हणाला, की बिदरचा रस्ता जळकोटवरूनच जातो, अकराच्या सुमारास इथून जाईन.

"जावा की," मी म्हणाले. "सडक सरकारची हाय."

साडेदहालाच मी हायवेवर चहाच्या टपरीसमोर उभी होते. घरी सांगितलं होतं, बियाण्याचं औषध आणायला जाते. औषधाचं दुकान हायवेवर नाही, हे आईला माहीत आहे. तरी तिनं पिशवी हातात दिली.

अकराला पाच कमी असताना ती गाडी आली. स्वच्छ धुतलेली, पडदे उघडलेले. ती माझ्यासमोर थांबली आणि खिडकीतून एका म्हाताऱ्या बाईंनी डोकं बाहेर काढलं. त्या द्वारकाबाई, त्याचं पहिलं गिऱ्हाईक.

"हीच का रे?" त्यांनी विचारलं.

"हीच," तो म्हणाला आणि उतरून माझ्याजवळ आला. पहिली फेरी सुरू झाली होती, ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"राजनंदिनी... काल गाडी रुतली तेव्हा निघेल का याची भीती होती. संध्याकाळी मात्र ती निघेल, याचीच भीती वाटायला लागली." तो थांबला, श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. बिदरहून गुरुवारी परत येतोय. रविवारी आईबाबांना घेऊन तुमच्या घरी येऊ का?"

ट्रक जात होते, टपरीवाला चहा गाळायचा थांबला होता. अशा वेळी मुलीनं खाली बघायचं असतं. मी बघितलं नाही.

"रविवार लई लांब हाय," मी म्हणाले. "गुरुवारी परत येताना घरीच या. अण्णांना मी आजच सांगते, मला बी तुमीच पाहिजे म्हणून."

द्वारकाबाईंनी टाळी वाजवली. तो हसला, दोन पावलं मागं गेला, पुन्हा वळून आला, काय बोलायचं ते विसरला आणि शेवटी गाडीत जाऊन बसला. गाव संपेपर्यंत तो हॉर्न वाजवत होता.

मी घरी गेले. अण्णा जेवायला बसले होते. चपला काढायच्या आधी, उंबऱ्यातूनच मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, माझ्याकडं पाहिलं आणि आईला म्हणाले, "गुरुवारी पुरणाचं कर."