शेजारच्या वर्गातले उलटे सर

त्या भोकाचा व्यास बावीस मिलिमीटर होता. कंपासपेटीतल्या पट्टीने मी तो दोनदा मोजला होता. माझा तिसरीचा वर्ग आणि शेजारचा चौथीचा वर्ग यांच्यामध्ये लाकडी फळ्यांचं सरकतं पार्टिशन होतं, माझ्या मुलांच्या पाठीमागे. त्यातल्या एका फळीची गाठ निखळून पडली होती आणि जमिनीपासून सव्वा मीटरवर अंगठा जाईल एवढं गोल भोक उरलं होतं. कड अगदी गुळगुळीत. पिढ्यान्‌पिढ्यांची बोटं त्यात फिरली असावीत.

मी रुजू झाले त्या आठवड्यात त्या भोकातून फक्त गोंगाट यायचा. धपाधप उड्या, हसू, शिट्टी, आणि मध्येच एका पुरुषाचा खणखणीत आवाज — "हातचा आला! वाट सोडा, हातचा आला!" प्रत्येक धपक्याला माझ्या हातातला खडू मोडायचा. आता कोणीतरी पडणार, आता कोणाला तरी लागणार... कान सतत त्या रडण्याची वाट बघायचे. शुक्रवारी मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, चार ओळींचा अर्ज दिला. शेजारच्या वर्गातील गोंधळामुळे अध्यापनात व्यत्यय येतो, तरी पार्टिशनच्या जागी पक्की भिंत बांधावी. खाली सही, तारीख. शेजारच्या सरांचा चेहरासुद्धा तोवर मी पाहिला नव्हता.

माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. लक्ष विचलित होऊ नये म्हणून फळ्याशेजारच्या भिंतीवरचे सगळे तक्ते मी काढून टाकले होते. ती पांढरीफेक झाली होती. रोज साडेनऊला दहा मिनिटं शांतता पाळायची, हा माझा नियम. खिडक्यांची दारं घट्ट लावायची, दिवा बंद, हाताची घडी, तोंडावर बोट, डोळे मिटलेले. सव्वीस मुलं अंधारात बसायची आणि त्या दहा मिनिटांत कोणाला काही होणार नाही, याची मला खात्री असायची. पाठीमागे मुलं मला 'बोटबाई' म्हणत. मला ठाऊक होतं. रागही येत नव्हता. नाव अचूक होतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका लख्ख सकाळी, त्या अंधारात, खडू शोधायला मी फळ्याकडे वळले आणि जागच्या जागी थिजले. पांढऱ्या भिंतीवर एक माणूस डोकं खाली, पाय वर करून चालला होता. हातात बादली. बादलीही उलटी, पण पाणी सांडत नव्हतं.

घाबरायला मला दीड सेकंद पुरला. मग शिकलेलं आठवलं. पलीकडे ऊन, अलीकडे अंधार, मध्ये बारीक भोक. प्रकाश सरळ रेषेत येतो, म्हणून वरचं खाली पडतं आणि खालचं वर. कारण कळलं, तरी मी बघतच राहिले. तो फिकट, धूसर माणूस बादली ठेवून वाकला, एका मुलीच्या कानात काहीतरी बोलला, आणि ती हसली असावी, कारण तिचे उलटे खांदे हलले. मी नाडी मोजली. मिनिटाला एकशे चार.

मधल्या सुट्टीआधी दारावर टकटक झाली. तोच माणूस. बाह्या कोपरापर्यंत वर, पँटचे गुडघे ओले.

"फडकं आहे का हो बाई? आमच्या नदीला पूर आलाय."

"तुम्ही... सरळ आहात," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने मान खाली घालून स्वतःकडे पायापर्यंत पाहिलं. "मोठ्या बाईंचं मत वेगळं आहे. पण आभारी आहे." मग माझ्या खांद्यावरून वर्गात डोकावत हळूच म्हणाला, "इथे मुलं आहेत? मी समजत होतो, हे गोदाम आहे."

"सव्वीस आहेत."

"श्वास घेतात?"

मला हसू आलं. ते लपवायला मी फडकं शोधत बसले, आणि ते तर टेबलावरच होतं.

दुसऱ्या दिवसापासून शांततेची दहा मिनिटं मी शेवटच्या बाकावर, पार्टिशनला पाठ लावून बसू लागले. मुलांवर मागून नजर राहते, असं मीच मला सांगितलं. खरं कारण समोरच्या भिंतीवर असायचं. चौथीच्या वर्गात खडूने तीन घरं आखलेली होती. एककाचं, दशकाचं, शतकाचं. एककाच्या घरात दहावं मूल शिरलं, की सगळे ओरडायचे, आणि त्यांच्यातला एक 'हातचा' होऊन दशकाच्या घरात उडी मारायचा. माझ्या भिंतीवर ती उडी वरून खाली यायची, झाडावरून फळ निसटावं तशी. आणि सर प्रत्येक हातच्याशी गंभीरपणे हस्तांदोलन करायचे. माझ्या मुलांना 'हातचा एक' म्हणजे बोटावर धरायची गोष्ट, एवढंच मी सांगितलं होतं. तो येतो कुठून, जातो कुठे, एकाही मुलाने कधी विचारलं नव्हतं.

ढग आले की चित्र पुसलं जायचं. तो दिवस मला जड जायचा. हे लक्षात आलं, तेव्हा मला भोकातल्या गोंगाटापेक्षा जास्त भीती वाटली.

आता व्हरांड्यात रोज बोलणं व्हायचं. पाण्याच्या पिंपाशी दोन मिनिटं, कधी तीन.

"एक दिवस हे पार्टिशन सरकवू या," सर एकदा म्हणाले. "तुमची सव्वीस, माझी एकोणतीस. हजाराचं घरसुद्धा मांडता येईल. तुम्ही विज्ञान शिकलाय. मी कविता म्हणतो आणि नळ तोडतो, बस. कडी तुमच्या बाजूला आहे."

"बघू."

आठवड्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, "बघू."

"तुमच्या 'बघू'ला मुदत असते का हो? औषधाच्या बाटलीवर असते तशी?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं. माझी पहिली शाळा, पहिलं वर्ष. हवा तापली की पसरते, हे दाखवायला मी मेणबत्ती पेटवली होती. एक मुलगी नीट दिसावं म्हणून पुढे वाकली आणि तिच्या वेणीचं टोक जळलं. हाताने विझवलं मी. दोन बोटं केस गेले, बाकी काही नाही. पण तो वास... अजून कधीकधी झोपेतून उठवतो.

"त्या मुलीचं काय झालं?" सरांनी विचारलं. 'असं होतच असतं' म्हणाले नाहीत, म्हणून मी पुढे बोलू शकले.

"दुसऱ्या दिवशी वेणी वर बांधून आली. म्हणाली, बाई, काल अर्धवट राहिलं, आज पूर्ण करू या?"

"आणि तुम्ही?"

मी पिंपाच्या तोटीकडे पाहत राहिले. "बघू, म्हटलं."

त्यांनी पेला पिंपावर उपडा ठेवला. मग म्हणाले, "शनिवारी अर्धी शाळा असते. सुटल्यावर... चहा घ्याल माझ्याबरोबर? मेणबत्त्या नसलेल्या ठिकाणी?"

मी तोटी विनाकारण घट्ट पिळली.

"बघू."

"पार्टिशनचा एक 'बघू', चहाचा एक. दोन झाले," बोटं दाखवत ते म्हणाले, आणि शिट्टी वाजवत वर्गात गेले.

दोनच दिवसांनी, बुधवारी, मोठ्या बाईंनी मला बोलावलं. माझा अर्ज त्यांच्या टेबलावर होता. मी विसरले होते असं नाही. तो कुठेतरी दडपला गेला असेल, अशी आशा धरून होते.

"मंजुरी आली. शुक्रवारी गवंडी माप घ्यायला येईल," त्या म्हणाल्या. "आणि शेजारच्या सरांची नेमणूक तात्पुरती आहे, महिनाअखेर संपते. लेखी तक्रार असलेल्या माणसाला मुदत वाढवून मिळत नाही. तुमची सुटका झाली म्हणा."

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. 'येते मी' म्हणाले, आणि बाहेर पडले.

पिंपाशी सर भेटले, पण शिट्टी नव्हती. "कोणीतरी लेखी दिलंय म्हणे. रस्त्यापलीकडचं कोणी असेल, पूर खिडकीतून गेला होता एकदा." हसायचा प्रयत्न केला त्यांनी. "तुम्हाला आवाजाचा त्रास होत होता का हो? खरं सांगा."

खरं सांगायची यापेक्षा सोपी जागा मला पुन्हा मिळाली नसती. मी म्हटलं, "घंटा झाली वाटतं," आणि पळाले. घंटेला अजून चार मिनिटं होती.

घरी ताईला सगळं सांगितलं. माझी मोठी बहीण दवाखान्यात परिचारिका आहे, इंजेक्शन द्यावं तसं बोलते. गणवेशाला इस्त्री करता करता तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे एका माणसाची नोकरी तू घालवलीस, आणि त्याच माणसाने तुला चहाला विचारलं."

"अगं, तेव्हा मला माहीत नव्हतं..."

"आता माहीत आहे ना? मुलांना तोंडावर बोट ठेवायला शिकवलंस, पण पहिला नंबर तूच काढलास." तिने इस्त्री उभी केली. "कळलं तर तो तोंड बघणार नाही, याची भीती आहे ना? मग न सांगता तो गेला, तर काय बघणार आहेस?"

शुक्रवारी सकाळी ढग होते. मला बरं वाटलं. निदान ते चित्र पुसलं जाताना बघावं लागणार नव्हतं. पण साडेनऊच्या सुमाराला ऊन पडलं. मी सवयीने खिडक्या लावल्या, दिवा बंद केला, शेवटच्या बाकावर बसले. भिंतीवर सर आले, फिकट, उलटे. आज उड्या नव्हत्या. मुलं ओळीने बसली होती आणि सर नुसते उभे होते.

तेवढ्यात दार उघडून मोठ्या बाई आणि गवंडी आत आले. दाराच्या उजेडात चित्र विरलं. "चालू द्या तुमचं," मोठ्या बाई दार लोटत म्हणाल्या, आणि सर पुन्हा उमटले. गवंडी माझ्या मागे पार्टिशनपाशी आला, फळ्यांवरून हात फिरवत म्हणाला, "इथून वारा लागतोय," आणि खिशातला कागद चुरगळून त्याने भोकात कोंबला.

भिंत काळी झाली.

"अरेऽऽ!"

सव्वीस गळे. एकदम. माझ्या वर्गात मी ऐकलेला पहिला आवाज.

मी उठून दिवा लावला. एकाचेही डोळे मिटलेले नव्हते. पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी दोन्ही हात तोंडावर दाबून बसली होती.

"तुम्ही सगळे... कधीपासून बघताय?"

सगळे चष्मेवालीकडे बघू लागले. शेवटी ती उठली, हातांची घडी घालून. "पहिल्या दिवसापासून, बाई. तुम्ही पण बघता ना? शेवटच्या बाकावरून?"

"मग मला सांगितलं का नाही कोणी?"

"तुम्ही भोक बुजवलं असतं."

तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. ऊन पडलं की सावली पडते, तसं सांगितलं होतं. "आणि बाई," आता उठलीच आहे तर विचारून टाकू, अशा घाईने ती म्हणाली, "सर उलटे का दिसतात?"

दोन महिने हा प्रश्न त्या पोरीच्या तोंडावरच्या बोटामागे अडकून पडला होता. माझी भीती मी एकटीच वाहतेय, असं मला वाटत होतं. मी ती सव्वीस जणांना समान वाटली होती.

आवाज ऐकून सर दारात येऊन उभे राहिले होते. "काय झालं? कोणाला लागलं का?"

"मला," मी म्हटलं. मी टेबलाची कड धरली. "मोठ्या बाई, तो अर्ज मी मागे घेते. भिंत नको." मग सरांकडे वळले. नजर त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंतच पोचली. "तक्रार मी केली होती. पहिल्या आठवड्यात. परवा विचारलंत, तेव्हाही मी लपवलं."

गवंड्याने मोजपट्टी सोडली, ती सर्रकन गुंडाळली गेली. सरांचा चेहरा उतरत गेला. तो मी पाहिला. पाहायलाच हवा होता.

"मला न बघताच?" ते म्हणाले.

"नुसतं ऐकून."

"आणि बघितल्यावर?"

"रोज बघत होते. उलटं."

ते निघून गेले. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "मागे घ्यायचा अर्जही लेखी लागेल हं," त्या म्हणाल्या, "आणि मुदतीसाठी शिफारस करायची असेल, तर तीही त्यातच लिहा. कागद वाचेल." पण माझं लक्ष दाराकडे होतं. दार रिकामं होतं. एकशे वीसच्या पुढे मी नाडी मोजणं सोडून दिलं.

मग पार्टिशनमधून सरसर आवाज आला. भोकातला कागद हलला, पुढे सरकला आणि टप्पकन खाली पडला. त्या जागी एक बोट दिसलं. बोट गेलं, आवाज आला, खालच्या पट्टीतला, जरा घोगरा.

"बाई, इकडे दोन 'बघू' शिल्लक आहेत. मुदत आज संपतेय."

सव्वीस माना माझ्याकडे वळल्या. चष्मेवालीने हातांची घडी सोडली.

मी शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले. अकरा पावलं. कडी गंजलेली होती, थंड. पलीकडे एकोणतीस मुलं कुजबुजत होती. आता कोणीतरी पडेल, कोणाला तरी लागेल, कोणीतरी असं काही विचारेल, ज्याचं उत्तर मला येत नसेल... भीती गेली नव्हती. ती माझ्या शेजारी उभी होती. मी कडीवर हात ठेवला आणि सगळ्या वर्गाला, दोन्ही वर्गांना ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने म्हटलं,

"दोन्हींचं उत्तर हो. कडी काढतेय मी, मागे सरका."