खाट नंबर नसलेलं चित्र

वाचनालयाच्या जिन्याशेजारी एक हिरवा फलक होता. त्यावर दर सोमवारी एक नवा चित्रकार लावायचं काम चित्रवालीने आपणहून अंगावर घेतलं होतं. खरं तर ती पुस्तकांची देवघेव सांभाळायची. पण एखाद्या विसरलेल्या चित्रकाराचा माग लागला की तिला कोण आनंद व्हायचा. म्हणून तर सहकाऱ्यांनी तिचं हे नाव पाडलं. फलकापुढे थांबायचे ते बहुतेक बुटाची नाडी बांधायला. तरी ती चित्रं लावायची, फोटो काढून वाचनालयाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकायची आणि भेटेल त्याला सांगायची, "बघा तरी, असाही एक माणूस होऊन गेला!"

त्या आठवड्याचा चित्रकार तिला रद्दीत सापडला होता. जुन्या इस्पितळातून आलेल्या गठ्ठ्यात तापाचे तक्ते होते, आणि त्यांच्या पाठीवर जलरंगात रंगवलेली, खाटेशेजारची छोटी टेबलं. नुसती टेबलं. एकावर पेल्यात बुडवलेली कवळी, एकावर अर्धवट विणलेला मोजा, सुयांसकट. माणूस एकाही चित्रात नव्हता, पण आत्ताच उठून गेल्यासारखा वाटायचा. कोपऱ्यात खाटेचा नंबर आणि तारीख. सही नाही.

एकूण एकवीस चित्रं. शेवटच्यावर नंबरही नव्हता आणि तारीखही नव्हती. फक्त टेबल, एक बाटली आणि पालथा पेला. तिला तेच सगळ्यांत आवडलं. पानावर तिने तेवढंच टाकलं.

गुरुवारी दुपारी एक म्हातारी फलकापुढे उभी होती. त्याच इस्पितळात तिने चाळीस वर्षं नर्स म्हणून काढली होती.

"अहो, ही तर आमच्या वॉर्डबॉयची चित्रं," ती म्हणाली. "कुणाशी बोलायचा नाही. सुट्टीत रंगवत बसायचा."

चित्रवालीने घाईघाईने वही काढली. "सिस्टर, सांगा ना, सगळं सांगा!"

"मला वाटायचं, गेलेल्या पेशंटची आठवण म्हणून काढतो. मग एकदा तारखेकडे लक्ष गेलं..." म्हातारीचा आवाज खाली आला. "ही मोजेवाली, दहा नंबर. चित्र मंगळवारचं. मंगळवारी ती माझी थट्टा करत होती, घरी जायची होती. बुधवारी सकाळी गेली."

"म्हणजे..."

"सगळी आदल्या दिवशीची आहेत."

पंख्याच्या वाऱ्याने कागदांच्या कडा फडफडल्या. कुठून तरी फिनेलचा वास आला. आज फरशी पुसली नव्हती.

"त्याला विचारलं नाहीत?"

"विचारलं. म्हणाला, मला दिसतं ते काढतो. मग एके दिवशी त्याने स्वतःच्याच जेवणाच्या डब्याचं चित्र काढलं." म्हातारीने काठी उचलली. "ते बिननंबरचं मी तेव्हाही पाहिलं नाही. आत्ताही पाहणार नाही. उतरवा ते, बाई..."

ती गेल्यावर चित्रवालीने ते उतरवलं, आणि उतरवताना नीट पाहिलं. बाटलीच्या गळ्याला रबर गुंडाळलेलं होतं. पेल्याच्या बुडाला पोचा होता. सोमवारी हे नव्हतं. नव्हतंच... आणि असं रबर गुंडाळायची सवय एकाच माणसाला होती. तिला लहानाची मोठी करणाऱ्या मावशीला.

चित्र कपाटात कोंबून ती धावतच घरी गेली. मावशी खाटेवर पेपर वाचत होती. शेजारच्या टेबलावर खोकल्याची बाटली आणि पालथा पेला.

"आज लवकर? नोकरीवरून हाकललं की काय?"

चित्रवालीने दोन्ही वस्तू उचलून स्वयंपाकघरात नेल्या.

"अगं, डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

ती रात्र तिने मावशीचा श्वास ऐकत काढली. शुक्रवारी मावशीने चहा पांचट झाला म्हणून कुरकुर केली. शनिवारीही केली. तेव्हा कुठे चित्रवालीचा जीव भांड्यात पडला.

रविवारी तिला आठवलं, पानावरचा फोटो तसाच आहे. तिने फोन उघडला आणि चित्रावर अंगठा ठेवूनच खाली पाहिलं. तीनशे बारा जणांनी ते पाहिलं होतं. खाली एका अनोळखी बाईने नुकतंच लिहिलं होतं :

"चित्र सुंदर आहे. पण माझ्या बाळाची दुधाची बाटली तुम्ही कुठे पाहिलीत?"

तिने कसंबसं लिहिलं, "ती बाटली टेबलावरून उचला. आत्ताच्या आत्ता. कारण विचारू नका."

उत्तर लगेच आलं.

"मघाशीच उचलली, मलाही कसंतरी वाटलं म्हणून. ओट्यावर ठेवली. आता चित्रातही ओटा आहे."

गुरुवारनंतर चित्रवालीने ते चित्र पाहिलंच नव्हतं. आत्ताही तिचा अंगठा त्याच्यावरच होता. तो तिला उचलवेना. दुसऱ्या हाताने तिने विचारलं, "बाळ कसं आहे?"

पलीकडून ती बाई काहीतरी लिहितेय असं पडद्यावर दिसू लागलं. बराच वेळ दिसत राहिलं. मग ते थांबलं, आणि पुन्हा काही आलं नाही.