तक्त्यामागचा मजकूर

प्रबंध जमा करायला नऊ दिवस उरले होते आणि बाईंचं घोडं एका वाक्यावर अडलं होतं.

बाई म्हणजे शाळेत सव्वीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाई. घरीदारी सगळे त्यांना बाईच म्हणत, चारचौघांत नवरासुद्धा. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळतात. बाईंनी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता गावाबाहेरचं साथीच्या रोगांचं इस्पितळ. इमारत कधीच पाडली होती, उरले होते ते दप्तरखान्यातले कागद. सहा वर्षं बाईंनी ते उपसले. संदर्भसूची तीनशे बारा नोंदींची झाली. लेक ती टाईप करता करता म्हणाली, "आई, हे वाचण्यापेक्षा मतदारयादी बरी गं!"

पण चौथ्या प्रकरणातल्या एका वाक्याला तळटीप नव्हती. साथीत नातेवाइकांना आत सोडत नसत. म्हणून शेवटच्या घटकेला माणूस जे बोलेल, ते नर्सा त्याच्या तापाच्या तक्त्यामागे लिहून ठेवत. बाईंनी हे कुठेतरी वाचलं होतं, नक्की वाचलं होतं. पण टिपून ठेवायचं राहिलं. पोरांना जन्मभर 'कुठे वाचलंस, पान सांग' म्हणून दटावणाऱ्या बाई!

"संदर्भ नाही तर वाक्य नाही," मार्गदर्शक सर म्हणाले. वयानं ते बाईंच्या मुलासारखे, पण कामाला कडक. "परीक्षक पहिलं बोट तिथंच ठेवतील."

"पण सर, ते खरं आहे हो."

"असेल. पण कोण म्हणतं, ते सांगा."

ते वाक्य काढलं तर प्रकरणात उरत होते नुसते आकडे. इतके दाखल, इतके दगावले. बाईंना ते घशाखाली उतरेना.

पुढच्या सकाळी दहाच्या ठोक्याला त्या दप्तरखान्यात गेल्या. खिडकीजवळची नेहमीची जागा. टेबलावर आधीच एक गठ्ठा होता, वर मागणीची चिठ्ठी टाचलेली. वाचक म्हणून बाईंचं नाव, पुढे गठ्ठ्याचा क्रमांक.

"सकाळी मागणीच्या पेटीत मिळाली," ग्रंथपाल म्हणाले. "तुमचीच ना?"

"अक्षर माझं नाही."

"मग लेकीचं असेल. आमच्याकडे कामचुकार वाचक येतात बाई, कामसू चिठ्ठ्या नाही येत."

गठ्ठ्यात इस्पितळाचा वार्षिक अहवाल होता. चाळता चाळता बाईंच्या लक्षात आलं, आपल्या सूचीत या अहवालाचं वर्ष चुकलंय. त्यांनी ते सुधारलं. नशीब, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आणखी एक चिठ्ठी. हे अक्षर वेगळंच, मोठं, थरथरतं, नुकतंच लिहायला शिकल्यासारखं. या गठ्ठ्यानं दोन पृष्ठक्रमांक दुरुस्त केले आणि एक हरवलेला खंड शोधून दिला. लेकीला विचारलं, तर ती दप्तरखान्याच्या पायरीलाही शिवली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी बाईंच्या समोर पेटीचं कुलूप काढलं. आदल्या संध्याकाळी त्यांनीच ती रिकामी करून बंद केली होती. आत एक चिठ्ठी होती. तिसरं अक्षर. ग्रंथपालांनी त्या दिवशी विनोद केला नाही.

बाई घाबरल्या का? थोड्या. पण सहा वर्षांत इतकी मदत त्यांना कुणी केली नव्हती. अर्धी माणसं 'या वयात कशाला' म्हणून हसली होती. इथं कुणीतरी त्यांची एकेक चूक न बोलता निस्तरत होतं. निघताना त्यांनी कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'आभारी आहे', आणि ती पेटीत टाकली.

चौथ्या दिवशीच्या चिठ्ठीवर क्रमांक नव्हता. 'मागची खोली. खालचा कप्पा. निळं फडकं.'

"असली नोंदच नाही आमच्याकडे," ग्रंथपाल पुटपुटले. तरी गेले. परतले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत धुळीनं भरले होते. निळ्या फडक्याचं गाठोडं त्यांनी टेबलावर ठेवलं आणि दूर जाऊन उभे राहिले.

आत तापाचे तक्ते होते. एकेचाळीस. बाईंनी पहिला उलटला.

पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'धाकटीला सांगा, मी रागावले नव्हते.'

बाईंचे डोळे भरून आले. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. त्यांनी नोंद करायला घेतली. वॉर्ड, खाट, तारीख, पाठची बाजू. एक तक्ता झाला की दुसरा. 'विहिरीवर झाकण घाला.' 'माझी चप्पल कुणाला तरी द्या.' 'पाणी नको आता.'

पुढे ते वाक्य कायम राहिलं, प्रबंधही मान्य झाला. सरांनी तळटीप दोनदा वाचली. पण ते नंतरचं.

नवव्या तक्त्यामागे होतं, 'खिडकीपाशी कोण बाई बसल्यात? किती वेळ लिहितायत.'

खाली नर्सची स्वतःची टीप. 'खिडकीपाशी कुणी नाही.'

बाईंनी तेही उतरवून घेतलं.

चौदावा. 'त्या रडतायत. चष्मा पुसायला काहीतरी द्या त्यांना.'

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला होता. पदर हातात होता.

एकविसावा. 'माझं पण लिहितील ना?'

तिसावा. 'लिहिलं त्यांनी. बरं वाटलं.'

खोलीत पंखा फिरत होता. ग्रंथपाल कपाटाला पाठ लावून उभे होते. ते बाईंकडे बघत नव्हते, बाईंच्या मागे बघत होते.

"काय झालं?" बाईंनी हळू विचारलं.

"काही नाही बाई. तुम्ही लिहा."

शेवटचा तक्ता. नर्सचं अक्षर घाईचं, पेन्सिल बोथटलेली.

'त्यांना सांगा, आभारी आहोत. उठवू नका. आम्ही सगळे मागे उभे आहोत, संपेपर्यंत.'

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. वॉर्ड लिहिला. खाट लिहिली. तारीख लिहिली.

मग उभं राहणाऱ्यांना नीट जागा व्हावी म्हणून खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.