श्वासांमधलं अंतर

सांता फे शहरात दुपारी दीडला वामकुक्षीसाठी दुकानांची शटरं खाली येतात. प्रयोगशाळेतले सगळे मागच्या अंगणात जेवायला गेले. नेलिदा मात्र थांबली. ओविदिओचं टेबल आज आवरायचं होतं.

बावीस वर्षं दोघं शेजारी बसून चिपा बनवत आली होती. काडेपेटीएवढ्या, पारदर्शक. आत केसाएवढ्या वाटा, वाटांवर रबराच्या पातळ झडपा. वीज नाही, तारा नाहीत. सगळा कारभार हवेच्या दाबावर. एक झडप मिटली की दुसरी उघडायची, दुसरी उघडली की तिसरी मिटायची, आणि थेंब कुठं जायचा ते चिपच ठरवायची. नवी चिप पंपाला जोडण्याआधी ओविदिओ नळी तोंडात धरून फुंकून बघायचा.

"अरे, थुंकी जाईल ना आत!" नेलिदा ओरडायची.

"जाऊ दे. तेवढीच माझी आठवण," तो हसायचा.

मार्चमध्ये तो फुप्फुसाच्या आजारानं गेला. शेवटी शेवटी एका श्वासानंतर दुसरा इतक्या उशिरा यायचा, की नेलिदा उशाशी बसून आकडे मोजायची. ती कॉफी आणायला खाली गेली, आणि परत आली तेव्हा नर्स चादर सारखी करत होती.

आता त्याच्या टेबलावर त्याची शेवटची चिप पंपाला तशीच जोडलेली होती. तिनं पंप बंद केला, पंपातून नळी उपसली. नळीचं मोकळं टोक टेबलावर पडलं.

चिपमधला लाल थेंब सरकला.

आत दाब उरला असेल, ती मनाशी म्हणाली. पण पहिली झडप मिटली, दुसरी उघडली, तिसरी मिटली. सगळं थांबलं. नकळत ती मोजू लागली. सातवर झडपा पुन्हा हलल्या. मग नऊवर. मग चौदावर.

तिनं नळीपुढं तळहात धरला. ऊब लागली. दमट.

रोसाउरा दारातून डोकावली. प्रयोगशाळेची नवी प्रमुख, वयानं लेकीएवढी. "नेलिदाबाई, चला की! एम्पानादा गार होतायत. निदान कॉफी तरी आणू?"

"कॉफी नको. तू जा पोरी, मी इथून हलणार नाही."

एकोणीस. सव्वीस.

"आहे रे मी," ती हळूच म्हणाली.

चाळीस. साठ. शंभर झाले. थेंब होता तिथंच राहिला. नेलिदा टेबलावर डोकं टेकून रडली; मार्चमध्ये डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

मग धूळ जाऊ नये म्हणून तिनं नळीच्या टोकावर अंगठा ठेवला.

नळीनं तो आत ओढला. हळूच.

आणि सोडला नाही.